एम-पेसा: केनियात कडबाकुट्टी विकताना सापडलेली वही

पहिल्यांदा एम-पेसाने, म्हणजे केनियातल्या फोनवरून पैसे पाठवायच्या सेवेने, मी पैसे दिले ते वायरींच्या पिना बदलून घेण्यासाठी. २०१६ च्या ऑगस्टमध्ये आमच्या साठ कडबाकुट्ट्या मोंबासा बंदरातून नैरोबीला पोचल्या. वितरकाच्या गोदामात खोकी फोडली, तर प्रत्येक मोटारीच्या वायरीला आपल्याकडची गोल पायांची पिन. केनियात ब्रिटिश पद्धतीची चौकोनी पायांची पिन चालते. व्होल्टेज बघितलं होतं, ५० हर्ट्झ बघितले होते, दोन्ही आपल्यासारखेच आहेत. भिंतीवरचा सॉकेट मात्र कुणीच बघितला नव्हता.

मग किरिन्यागा रोडवरून एक फुंडी आणला. फुंडी म्हणजे मिस्त्री. त्याने दोन दिवसांत साठच्या साठ पिना बदलल्या. नगाला ५० शिलिंग मजुरी ठरली होती, म्हणजे ३,००० शिलिंग. मी नोटा पुढे केल्या, तर त्याने हात मागे घेतला. म्हणाला, ‘मामा, एम-पेसा करा.’ स्वाहिलीत मामा म्हणजे आई. तिथे लेकुरवाळ्या बाईला तिच्या मुलाच्या नावापुढे मामा लावून हाक मारतात. पुढे मलाही माझ्या लेकाच्या नावाने तशीच हाक पडायला लागली आणि ती मला फार आवडते. तर फुंडीला संध्याकाळच्या गर्दीत माटाटूतून, म्हणजे तिकडच्या वडाप गाडीतून, नोटा घेऊन जायचं नव्हतं. शिवाय त्यातले हजार गावी आईला पाठवायचेच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पासपोर्ट दाखवून सिम घेतलं आणि त्याच दुकानात एम-पेसाचं खातं सुरू झालं. रोख रक्कम एजंटाकडे दिली, ती फोनमध्ये शिल्लक म्हणून दिसली. चार आकडी पिन टाकली आणि फुंडीचा फोन वाजला. मलाही मेसेज आला: अक्षरं-आकड्यांचा दहा खुणांचा एक क्रमांक, पुढे ‘कन्फर्म्ड’, रक्कम, त्याचं पूर्ण नाव, तारीख, वेळ, माझी उरलेली शिल्लक आणि कापलेलं शुल्क. एवढ्याशा मेसेजात अख्खी पावती. मी गेली अठरा वर्षं कारखान्याचं खातं सांभाळते, पावती बघितली की मला ती चांगली की वाईट ते कळतं. ही उत्तम होती.

आमचा कारखाना कोल्हापूरचा. सासऱ्यांनी शिवाजी उद्यमनगरात एका गाळ्यात सुरू केला, आता शिरोली एमआयडीसीत आहे. बिडाचं ओतकाम बाहेरून घेतो, बाकी पाती, शाफ्ट, जोडणी आमच्याकडे. केनियाचं गिऱ्हाईक एका प्रदर्शनात भेटलं. तिकडच्या डोंगराळ भागात घराघरांत दोन-तीन गाई, आणि नेपिअर म्हणजे आपलं हत्ती गवत बांधाबांधावर. ते गवत बायका पांग्याने, म्हणजे लांब कोयत्याने, लाकडाच्या ओंडक्यावर तोडत बसतात. माल खपणार यात मला शंका नव्हती.

आता सेवेबद्दल. एम-पेसा ६ मार्च २००७ ला सफारीकॉम कंपनीने केनियात सुरू केलं. त्याच्या आधीची गोष्ट मला फार शिकवून गेली. २००५ मध्ये चाचणी झाली तेव्हा कल्पना वेगळी होती: छोटी कर्जं घेणाऱ्यांनी हप्ते फोनवरून फेडायचे. लोकांच्या हातात फोन गेल्यावर त्यांनी त्याचा उपयोग आपल्या सोयीने केला. एकमेकांना पैसे पाठवायला लागले, व्यापाराच्या देण्याघेण्यासाठी वापरायला लागले, प्रवासाला निघताना रोकड फोनमध्ये भरून पलीकडच्या गावी काढायला लागले. कंपनीने हे बघितलं आणि बाजारात येताना कर्जाचा विषय बाजूला ठेवून ‘घरी पैसे पाठवा’ एवढंच सांगितलं. शहरात कमावणारा आणि गावी म्हातारे आईबाप, हे चित्र तिथे घरोघरी आहे. आमच्या साठ पिनांच्या वेळी मी हे वाचलेलं असतं, तर पुढचं एक वर्ष वाचलं असतं.

आपल्याला यूपीआयची सवय, म्हणून फरक सांगते. यूपीआय २०१६ चं, त्याच्यामागे बँकेचं खातं लागतं. एम-पेसाला बँक लागत नाही. सिम हेच खातं. साधा बटणांचा फोन चालतो, इंटरनेट नसलं तरी *३३४# दाबून काम होतं. पैसे भरायला आणि काढायला गल्लोगल्ली एजंट: किराणा दुकान, केस कापायचं दुकान, बाजाराच्या तोंडावरची हिरवी टपरी. दुकानाला पैसे द्यायचे तर ‘लिपा ना एम-पेसा’, दुकानाचा टिल नंबर भिंतीवर रंगवलेला असतो. संस्थांना किंवा कंपन्यांना पैसे भरायचे तर त्यांचा पेबिल नंबर. भाजीवालीसारख्या लहान विक्रेत्यांसाठी अलीकडे ‘पोची ला बियाशारा’, म्हणजे धंद्याचा बटवा, निघाला आहे, त्यात घरचे पैसे आणि गल्ल्यातले पैसे वेगळे राहतात. आमच्या बाजारात कित्येक बायका कमरेला दोन बटवे खोचतात, एक घरचा, एक धंद्याचा. हे ज्याला सुचलं त्याने बाजारात उभं राहून बघितलं असणार.

चुकून भलत्या नंबरवर पैसे गेले तर? माझ्याकडून एकदा गेले, शेवटचा आकडा चुकला. नाव वाचायला हवं होतं, घाईत वाचलं नाही. आलेला मेसेज तसाच्या तसा ४५६ या नंबरला पुढे पाठवला आणि पैसे परत आले. समोरच्याने खर्च करून टाकले असते तर कठीण होतं. तेव्हापासून नाव मोठ्याने वाचल्याशिवाय मी पिन टाकत नाही, इथे यूपीआयवरही.

पण पैसे पोचवणं ही झाली सेवेची अर्धी बाजू. आम्हाला तिचा खरा उपयोग झाला तो माणसं कळायला.

पहिल्या फेरीत आम्ही बऱ्याच गोष्टी उलट्या समजलो. एक वेळेची. एका दूध सहकारी संस्थेच्या सचिवांनी फोनवर ‘सा तातू’ला या असं सांगितलं. तातू म्हणजे तीन एवढं आमच्या माणसाला पाठ होतं. आम्ही दुपारी तीनला हजर, आणि ते बिचारे सकाळी नऊपासून शेतकऱ्यांना थांबवून बसलेले. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे पहिला तास, नऊ म्हणजे तिसरा. सहा तासांचा फरक. फोनवरच्या एम-पेसाच्या मेसेजात वेळ आपल्यासारखी छापलेली असते, नऊ चौदा, आणि तोच मेसेज वाचणारी बाई तोंडाने ‘सा तातू’ म्हणते. तेव्हापासून मी वेळ ठरवताना विचारते, जेवणाच्या आधी की नंतर?

दुसरी गोष्ट ‘सावा’ची. सावा म्हणजे ठीक. पहिला वितरक प्रत्येक अटीला सावा म्हणाला. ४० टक्के आगाऊ, उरलेली रक्कम माल उचलताना: सावा. साठ दिवसांत दुसरी ऑर्डर: सावा. आम्ही ते वचन धरलं. तो आमचं बोलणं ऐकून घेत होता, पाहुण्याच्या तोंडावर नाही म्हणायचं नाही म्हणून मान राखत होता. आमच्याकडे नाही का, सोयरीक जमणार नसली तरी ‘कळवतो’ म्हणतात. इतकं ओळखीचं असून मला ते तिथे ओळखू आलं नाही, याचं वाईट वाटतं. त्याने यंत्रं उधारीवर दिली, वसुली झाली नाही, आमचे पैसे अडकले. सव्वा वर्ष गेलं. निर्यातीचे पैसे ठरलेल्या मुदतीत बँकेत यावे लागतात, त्यामुळे इथे बँकेत मी काय काय लेखी दिलं ते मलाच माहीत.

२०१८ मध्ये दुसरा वितरक मिळाला. नैरोबीत तीन पिढ्यांपासून असलेलं गुजराती कुटुंब, बियाशारा स्ट्रीटवर जुनं दुकान. पूर्वी हा रस्ता इंडियन बाजार म्हणून ओळखला जायचा. आदल्याच वर्षी केनिया सरकारने आशियाई वंशाच्या नागरिकांना देशाची ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली होती, ते कौतुकाने सांगत होते. चहा आपल्यासारखा दुधात उकळलेला, चपाती आपली, हिशेबाला ‘हेसाबू’, दुकानाला ‘दुका’, गाडीला ‘गारी’. मला वाटलं, आता सोपं झालं. भाषा जुळली, माणसं जुळली.

तरी विक्री महिन्याला पाच-सहाच्या पुढे जाईना. मी महिनाभर तिथे राहिले. शिरस्त्याप्रमाणे वह्या मागितल्या. विक्रीच्या नोंदवहीत गिऱ्हाइकांची नावं होती, सगळे पुरुष. दुसऱ्या बाजूला पेबिलला आलेल्या पैशांचा तक्ता होता, त्यात त्या काळी पैसे भरणाऱ्याचं नाव यायचं. मी पट्टी ठेवून एकेक ओळ जुळवत होते आणि नावं जुळेनात. वांजिरू, न्यांबुरा, वाइरिमू, वांबुई. मला वाटलं, भलत्यांचेच पैसे आपल्या खात्यात धरलेत. मी तिथल्या हिशेबनीस मुलीला बोलावलं. ती न्येरी भागातली, किकुयू जमातीची. तक्त्यावर नजर टाकून म्हणाली, ही सगळी बायकांची नावं. किकुयूंच्या मूळकथेत गिकुयू आणि मुंबी या पहिल्या जोडप्याला नऊ मुली झाल्या, त्यांच्यावरून कुळं पडली, आणि ती नावं आजही घरोघरी ठेवतात.

मग ती माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली आणि आम्ही दोघींनी तक्ता पहिल्यापासून वाचला. एकाच यंत्राचे पैसे सात-आठ बायकांकडून आलेले. रक्कम लहान, ५००, ८००, १,२००. तारखा महिन्याच्या पहिल्या आठवड्यातल्या. ती म्हणाली, ही चामा आहे. चामा म्हणजे आपली भिशी. महिन्याला सगळ्यांनी ठरलेली रक्कम टाकायची, पाळीने एकीने उचलायची. पावती नवऱ्याच्या नावाने फाडतात, कारण दुकानात तो येतो आणि जमीन त्याच्या नावावर असते. यंत्र कुणाच्या कष्टासाठी घ्यायचं आणि पैसे कुठून यायचे ते मात्र घरात बाई ठरवते.

मला त्या दिवशी रात्री झोप आली नाही. दोन वर्षं आम्ही चुकीच्या माणसाशी बोलत होतो. आमच्या पत्रकावर मिशीवाला शेतकरी यंत्राशेजारी उभा. प्रात्यक्षिकं सोसायटीच्या आवारात, जिथे पुरुष जमतात. आणि पैसे मागायचो एकरकमी, तेही महिन्याच्या मध्याला. कोल्हापुरात दुधाचं बिल दहा दिवसांनी मिळतं, त्या सवयीने आमच्या डोक्यात पैसा सतत फिरता होता. तिथे आमच्या संपर्कातल्या संस्थांचं बिल महिन्याने यायचं. पहिल्या आठवड्यात पैसा, पुढे हात आखडलेला.

मग बदल केले. यंत्राची किंमत ४२,००० शिलिंग होती. बारा जणींची चामा धरली तर डोई ३,५०० महिन्याला, आणि दर महिन्याला एकीच्या दारात एक यंत्र. बारा महिने, बारा यंत्रं. आमच्या आईच्या भिशीत पितळेचे डबे असेच फिरले होते. वितरकाला हे पटवायला वेळ लागला, कारण त्याला पहिल्या महिन्यात मोठी रक्कम दिसत नव्हती. एम-पेसा नसतं तर तोही बरोबर ठरला असता: डोंगरातल्या बारा बायकांकडून दर महिन्याला रोख गोळा करायला माणूस पाठवणं परवडलंच नसतं. इथे खजिनदार बाई घरी बसून पेबिलला भरते आणि हिशेबनीस मुलगी नैरोबीत टिक करते.

यंत्रही बदललं. गवत आत सरकवायचं तोंड पाच इंच खाली आणलं, कारण आमचं माप उंच माणसाने उभं राहून ढकलायचं होतं आणि तिथे बायका गवताचा भारा कमरेला टेकवून ढकलतात. खाली दोन चाकं बसवली, म्हणजे एक बाई शेजारणीकडे ओढत नेऊ शकते. पट्ट्यावर जाळी पूर्ण बंद केली, कारण आजूबाजूला पोरं असतात. ही जाळी आता आम्ही इथल्या यंत्रांनाही लावतो, ती पहिल्यापासून लावायला हवी होती. वायर पिनेशिवाय पाठवतो, पिन तिथला फुंडी बसवतो.

हेच एम-पेसा व्होडाफोनने आपल्याकडे २०१३ मध्ये आणलं होतं. २०१९ मध्ये ते बंद झालं. दक्षिण आफ्रिकेतही २०१० ला सुरू होऊन २०१६ ला गुंडाळलं गेलं. सेवा तीच. दक्षिण आफ्रिकेत बँक खाती असलेले लोक आधीच जास्त होते. आपल्याकडे नियम वेगळे, आणि आमच्या भागातले बिहारी कामगार गावी पैसे पाठवायला ओळखीच्या मोबाइल दुकानदाराकडे जायचे, त्याच्यावर त्यांचा जीव होता. पुढे यूपीआय आलं. नैरोबीत यश मिळालं म्हणून दुसरीकडे मिळेलच असं नसतं, हे एवढ्या मोठ्या कंपन्यांनाही पैसे घालवून कळलं, तर साठ पिनांसाठी मी स्वतःला फार दोष देत नाही.

उणीवा सांगायलाच हव्यात. पहिली, शुल्क. १०० शिलिंगपर्यंत पाठवणं फुकट, पण हजार पाठवायला १३ शिलिंग कापले जातात. मोठ्या रकमेवर हा भार नगण्य होतो, लहान रकमेवर जाणवतो, आणि लहान रकमा पाठवणारी माणसं लहानच असतात. यूपीआय फुकट वापरणाऱ्या आपल्या डोळ्यांना हे खुपतं. दुसरी, मर्यादा. २०२३ पासून एका वेळी अडीच लाख शिलिंग पाठवता येतात, खात्यात पाच लाख ठेवता येतात. सुट्या विक्रीला पुष्कळ, घाऊक व्यवहाराला अपुरं. तिसरी, आमच्या दृष्टीने मोठी: हा पैसा शिरोलीत येत नाही. वितरकाकडे जमतो, तो बँकेतून डॉलर पाठवतो, आणि शिलिंग घसरला की मधलं सगळं गणित बदलतं. एम-पेसामुळे निर्यात सोपी होते असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. तिथली सुटी विक्री आणि वसुली सोपी होते, एवढंच.

खोट्या मेसेजपासूनही सावध राहा. पैसे आले म्हणून समोरचा स्वतःचा फोन दाखवेल. तो बघायचा नाही, आपल्या फोनवर मेसेज आला का ते बघायचं, शिल्लक तपासायची. तिथला प्रत्येक दुकानदार हेच करतो आणि कुणी त्याचा राग मानत नाही.

पाचपैकी साडेचार देते. अर्धा कापला तो शुल्कासाठी.

शेवटची फेरी २०२४ च्या मार्चमध्ये झाली. कारातिनाच्या बाजारापासून तासाभरावर एका चामाची बैठक होती, तिथे मला बोलावलं होतं. एका घराच्या अंगणात बाकडी टाकलेली, मागे गोठा, गोठ्यात आमचं चाकांचं यंत्र. आधी प्रार्थना झाली, मग प्रत्येकीच्या घरची ख्यालीखुशाली, मुलांच्या शाळा, कुणाची गाय व्याली. तासभर पैशाचा विषय नाही. मी आता घड्याळ बघत नाही, मीही माझ्या सासूबाईंच्या गुडघ्याचं सांगितलं आणि त्यावर दोघींनी औषध सुचवलं.

मग खजिनदार बाईंनी चष्मा लावला, जुना बटणांचा फोन काढला आणि महिन्याभरात आलेले मेसेज एकेक करून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. क्रमांक, रक्कम, नाव. ज्या बाईचं नाव येईल ती हात वर करायची, सचिव बाई वहीत खूण करायची. बैठकीच्या चहासाठी मी आदल्या दिवशी ५०० शिलिंग पाठवले होते. ते कुणाला सांगितलं नव्हतं. सगळ्यात शेवटी त्यांनी तो मेसेज वाचला. पासपोर्टावरचं माझं पूर्ण नाव, सासरच्या आडनावासकट, त्यांच्या उच्चारात थांबत थांबत. सगळ्या वळून माझ्याकडे बघायला लागल्या. मी हात वर केला आणि सचिव बाईंनी वहीत माझ्यासाठी नवी ओळ आखली.